आवाज गेला कुठे?

सकाळी कंप्युटर सुरू केला तेव्हा पडद्यावर ‘अपडेट पूर्ण झाले’ अशी पाटी झळकत होती. सूनबाईला बरं वाटलं. आपण झोपेत असताना कुणीतरी काम उरकून ठेवलं म्हणजे बरंच की. पण हा आनंद चहाचा पहिला घोट घशाखाली उतरेपर्यंतच टिकला. तिने व्हिडिओ रेकॉर्डिंग लावलं, पट्टी सरकू लागली, आकडे पळू लागले, आणि आवाजाचा मात्र पत्ता नाही.

आवाज नाही म्हणजे तिच्या हाताला कामच नाही. ती घरी बसून मुलाखती ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करून द्यायची. एका संग्रहालयाने जुन्या कामगारांच्या आठवणी गोळा केल्या होत्या. आजची मुलाखत एका निवृत्त बस-ड्रायव्हरची होती, आणि ती संध्याकाळपर्यंत द्यायचीच होती.

तिने आवाजाचं बटण शंभरावर नेलं. स्पीकरची वायर काढली, फुंकर मारली, परत खोचली. टेबलाखाली शिरून प्लग हलवला आणि बाहेर येताना डोकं आपटून घेतलं. रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं. चिडीचूप. शेवटी तिने दिराला फोन लावला. त्याचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

“वहिनी, आधी बंद करून चालू करा.”

“केलं, भावजी. ते सोडून बोला.”

“मग ड्रायव्हर बिघडला असणार.”

“ड्रायव्हरला काय धाड भरलीय? पडद्यावर चांगला हातवारे करून बोलतोय!”

“अहो वहिनी, बसचा नाही, आवाजाचा ड्रायव्हर. कंप्युटरच्या आतला. तो काढून परत टाकायचा. मी सांगतो तसं करत जा.”

तो सांगत गेला, ती करत गेली. हे उघडा, ते दाबा, आता रेकॉर्डिंग लावून बघा. नाही? मग हे काढा, ते टाका, पुन्हा लावून बघा. दर वेळी मुलाखत पहिल्यापासून सुरू व्हायची आणि थोडी पुढे गेली की सूनबाई हताश होऊन ती थांबवायची.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासऱ्यांचा, अप्पांचा आवाज आला. “पुढे? पुढे बोला ना!”

सूनबाई दचकली. सासूबाई गेल्यापासून अप्पांचं बोलणं ‘हो’, ‘नको’ आणि ‘ठेव तिथे’ एवढ्यावर आलं होतं. छापखान्याच्या यंत्रांशेजारी उभं आयुष्य काढल्याने त्यांना ऐकू कमी यायचं. मुलांनी कानातली नवी मशीनं आणून दिली होती. ती अप्पा दागिना घातल्यासारखी घालायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे.

‘आला असेल कुणाचा फोन,’ म्हणून तिने पुन्हा रेकॉर्डिंग लावलं आणि पुन्हा थांबवलं.

“अहो, काय चाललंय काय!” अप्पा आता चांगलेच तापले होते. “उतार लागला, गाडी खच्चून भरलेली, ब्रेक गेले! हे चारदा सांगून झालं. पुढे काय झालं ते सांगा, नाहीतर फोन ठेवा!”

सूनबाई दारात जाऊन उभी राहिली. अप्पांच्या हातात फोन नव्हताच. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरून ते पुढे झुकले होते, आणि समोरच्या भिंतीकडे रागाने बघत होते.

“अप्पा, कुणाशी बोलताय?”

“कुणास ठाऊक! सकाळपासून एक बस-ड्रायव्हर माझ्या कानात शिरलाय. माणूस झकास सांगतो गं, पण ऐन वेळी गप्प बसतो.”

सूनबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फोन अजून चालूच होता. “भावजी, अप्पांची कानातली मशीनं तुम्ही या कंप्युटरला जोडली होतीत का?”

पलीकडून खो खो हसणं ऐकू आलं. “अप्पांना आमच्या ताईशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून जोडली होती! अपडेटनंतर यानं सगळा आवाज तिकडेच वळवलेला दिसतोय. वहिनी, खाली कोपऱ्यात स्पीकरचं चित्र आहे ना, त्यावर जा आणि अप्पांच्या मशीनऐवजी स्पीकर निवडा. झालं काम.”

तिने स्पीकर निवडला. ड्रायव्हरचा भरदार आवाज खोलीभर घुमला, आणि सूनबाईने टेबलावर टिचकी मारली. आता भराभर टाइप करायचं.

पण अप्पा दारात हजर. किती दिवसांनी ते न बोलावता या खोलीत आले होते.

“बंद का केलंस? त्या बसचं काय झालं?”

“मलाही कुठे माहीत आहे, अप्पा? या, बसा.”

दोघं ऐकू लागली. ड्रायव्हरने उतारावर डोकं शांत ठेवलं, हॉर्न वाजवत गाडी कडेला घेतली आणि वाळूच्या ढिगात घुसवली. कुणाला साधं खरचटलं नाही. गाडी थांबली, माणसं देवाचं नाव घेत होती, आणि मागच्या सीटवरचा एक गृहस्थ झोपेतून उठून म्हणाला, “काय हो, माझा स्टॉप मागेच राहिला की!”

अप्पा असे हसले की त्यांना ठसका लागला. सूनबाईने पाणी आणून दिलं.

“आमच्या छापखान्यातही असाच एक झोपाळू होता,” डोळे पुसत ते म्हणाले. “एकदा त्याने लग्नाच्या पत्रिकेत नवरदेवाच्या जागी वधूच्या बापाचं नाव जुळवलं. वधूचा बाप पत्रिका नाचवत आला तेव्हा आम्ही सगळे यंत्रामागे लपलो…”

सूनबाईने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा अप्पांकडे. मग रेकॉर्डिंग थांबवलं, संग्रहालयाच्या बाईंना ‘उद्या सकाळी देते’ असा निरोप धाडला आणि खुर्ची अप्पांकडे वळवली.

“मग? सापडलात की नाही?”

“सापडणार नाही तर काय! यंत्र एवढंसं आणि आम्ही एवढे सगळे!” असं म्हणत अप्पांनी पाय वर घेऊन मांडी घातली.