सिस्टरांच्या घड्याळाची नवी काच

मी एक जुनं चावीचं मनगटी घड्याळ आहे. माझं वय एक्केचाळीस वर्षं आणि माझ्या काचेचं वय बारा दिवस. मित्रांनो, ही काच इतकी कोवळी का, ते सांगण्यासाठीच मी आज बोलतो आहे.

माझा जन्म एका लांबट, स्वच्छ खोलीत झाला. तिथे बायका डोळ्याला भिंग लावून ओळीने बसत आणि श्वाससुद्धा जपून सोडत, कारण जराशी फुंकर लागली तरी माझे स्क्रू उडून जायचे. माझा सेकंदकाटा लांब आणि लाल आहे. तो बसवणारी बाई शेजारणीला म्हणाली होती, "हे नर्सबाईंसाठी आहे गं. ह्याच्यावर लोकांची नाडी मोजणार."

तसंच झालं. नर्सिंगची परीक्षा पास झाल्याबद्दल एका मुलीला तिच्या वडिलांनी मला घेऊन दिलं. वॉर्डात सगळे तिला सिस्टर म्हणत. पुढे शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. तिची पद्धत ठरलेली होती. रोग्याच्या मनगटावर तीन बोटं, नजर माझ्यावर. काटा बारावर आला की मोजणी सुरू, फिरून बारावर आला की बंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं तिला पटत नसे. "माणसाचं हृदय म्हणजे काय पाढा आहे?" असं ती नव्या नर्सेसना विचारायची. एकदा मोठ्या डॉक्टरांनी स्वतःचं घड्याळ माझ्यावरून लावून घेतलं. त्या दिवशी मी जरा जोरातच टिकटिकलो असेन.

मग सिस्टर निवृत्त झाल्या आणि मी खणात गेलो. रबरबँड, वाळलेली पेनं, थर्मामीटरचं रिकामं नळकांडं हे माझे सोबती. सात वर्षं मला कुणी चावी दिली नाही. मी रागावलो नव्हतो, पण माझं तेल घट्ट होत चाललं होतं.

मला बाहेर काढलं ते एका गोळीने. सिस्टरांना हृदयाची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रोज गोळीआधी नाडी मोजा. साठच्या खाली असेल तर गोळी घ्यायची नाही, मला फोन करायचा." सिस्टर दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. मुलाने बोटाला लावायचं छोटं यंत्र आणून दिलं, पण त्यांची बोटं कायम गार. यंत्र नुसत्या दोन रेघा दाखवी. मोबाईलवर मोजायचं तर आकडे पळत, आणि ते वाचता वाचता मनातली मोजणी विसरायला होई. मी बरा होतो. माझा काटा चालतो, बोलत नाही.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी मी नळाच्या तोटीवर आपटलो. अकराच्या आकड्यापासून एकच्या आकड्यापर्यंत काचेला तडा गेला. मुलगा भेटायला आला होता. तो स्वभावाने प्रेमळ, पण घाईचा. "दोन मिनिटांचं काम आहे, आई," म्हणत त्याने तड्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे थेंब सोडले. तडा मिटला. पण मित्रांनो, त्या गोंदाची वाफ होते, आणि ती वाफ बंद जागेत पांढरी होऊन बसते. रातोरात माझी काच आतून धूसर झाली, आणि नेमकी बाराच्या आकड्यापाशी सगळ्यात जास्त.

आता काटा बारावर कधी आला ते सिस्टरांना दिसत नसे. तो धुक्यात शिरे आणि पलीकडून बाहेर पडे. तो धुक्यात शिरला की त्या मोजणी सुरू करत, आणि फेरी मारून पुन्हा धुक्यातून बाहेर पडला की थांबवत. मधले सात-आठ सेकंद जास्तीचे मोजले जात. त्या तीनच्या आकड्यापासून सुरुवात करू शकल्या असत्या, पण चौतीस वर्षांची सवय बारावरच अडून होती. त्या दिवशी नाडी होती चौपन्न. त्यांनी मोजली एकसष्ट. मला ठाऊक होतं. मी ओरडू शकत नव्हतो. त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायल्या, आणि दुपारी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या.

हाड मोडलं नाही, एवढंच. पण दोन दिवसांनी घरात बैठक बसली.

"आई, आता पुरे," मुलगा म्हणाला. "तुला साठ आणि पन्नासमधला फरक कळेनासा झालाय. शनिवारी सहाला मी गाडी घेऊन येतो. माझ्याकडे राहायचं, घराला कुलूप."

"माझी मोजणी चुकत नाही रे."

"मग पडलीस कशी?"

 आपलं डोकं खरंच चालेनासं झालंय की काय, ही भीती मी सिस्टरांच्या मनगटावर प्रत्यक्ष अनुभवली. नाडी एकाएकी नव्वदवर गेली होती.

सिस्टरांची मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. सिस्टर तिला मास्तरीणबाई म्हणून चिडवतात. ती बैठकीला हजर होती. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती आईकडे आली, मला उचलून खिडकीपाशी धरलं आणि बराच वेळ तिरपं करून पाहत राहिली. "आई, काटा बारावर आला ते तुला दिसतं?"

"अंदाजाने कळतं की."

"अंदाजाने," मुलगी म्हणाली आणि मला रुमालात गुंडाळून तडक बाहेर पडली. तेव्हा अडीच वाजले होते.

घड्याळजींचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. त्यांनी भिंगातून मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हा गोंद कुणी लावला, ताई?"

"भावाने."

"घड्याळ ठणठणीत आहे. त्याला तुमच्या भावाचा त्रास झालाय." मग ते गंभीर झाले. "सोमवारी या."

"सहाच्या आत हवंय, काका. आज ह्यावर आईने बरोबर मोजून दाखवलं नाही, तर तिचं घर सुटेल."

त्यांनी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं.

आधी त्यांनी बोथट पातीने माझ्या काचेभोवतीची धातूची कडी उचकटली. काच कडीलाच चिकटली होती. कडी त्यांनी गोंद विरघळवणाऱ्या द्रावकात टाकली आणि मी उघडा पडलो. मित्रांनो, काचेशिवाय घड्याळ म्हणजे उघडा डोळा. धुळीचा एक कण, बोटाचा एक स्पर्श, आणि माझा रंग निघाला असता. बाराजवळ तबकडीवर थोडा पांढुरका डाग होता. "त्याला हात लावायचा नाही. डागासकट जगेल ते," घड्याळजी म्हणाले.

अर्ध्या तासाने कडी मोकळी झाली. डबीत माझ्या मापाची एक काच होती, प्लॅस्टिकचीच, जुन्या घड्याळांना असते तशी. कडीच्या खाचेत ती घट्ट बसली, कडी माझ्यावर दाबली गेली, आणि माझा आवाज बंद झाला.

काच चपटी होती. सेकंदकाट्याचं टोक तिला आतून टेकलं होतं. आतलं प्रत्येक चाक पुढे रेटत होतं आणि काटा जागचा हलत नव्हता. तो ज्या आसावर बसतो तो केसाएवढा बारीक असतो. आणखी दाब आला असता तर वाकला असता. मुलीने कान लावला. "काका, थांबलंय!"

त्यांनी श्वास रोखून कडी पुन्हा उचलली. टिक. टिक. मी परत आलो.

आता एकच काच उरली होती. उंचीला बरोबर, पण घेराने मोठी. खाचेला हवी एकोणतीस पूर्णांक सत्तर मिलिमीटर, ही होती सरळ तीस. पावणेपाच वाजले होते.

"कड घासावी लागेल," घड्याळजी म्हणाले. "जास्त घासली तर सैल होईल, आणि दुसरी नाही. माझी नजर बारीक रेघांवर ठरत नाही हल्ली. ही व्हर्नियरची मोजपट्टी वाचता येते?"

"रोज मुलांना तेच शिकवते."

ते काच बारीक पॉलिशकागदावर गोल गोल घासू लागले, ती मोजून एकोणतीसच्या पुढचे शतांश सांगू लागली. नव्वद. ब्याऐंशी. घड्याळजींचा हात वेगाने फिरत होता. ते सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. शहात्तर. चौऱ्याहत्तर.

"आणखी चार," म्हणत त्यांनी काच कागदाला टेकवली.

"थांबा!" मुलीने त्यांचं मनगटच धरलं. "काच गरम झालीये, काका. माझ्या बोटाला लागली. प्लॅस्टिक आहे, फुगलेलं असणार."

घड्याळजींनी काचेची कड ओठाला लावून पाहिली. त्यांचा चेहरा उतरला. "चाळीस वर्षं मी पाण्यात बुडवूनच मोजतो. आज घाईत विसरलो."

काच पाण्याच्या वाटीत गेली. पाच मिनिटं दोघं नुसती बसून राहिली. सबंध दुपारभरात तीच पाच मिनिटं मला सगळ्यात लांब वाटली. मग ती पुसून मुलीने मोजली. पुन्हा मोजली.

"एकोणतीस सत्तर. बरोब्बर."

काच कट् आवाज करत बसली. घड्याळजींनी काटे पूर्ण बारा तास फिरवून पाहिले. कुठे अडले नाहीत.

आम्ही घरी पोचलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मुलगा आला होता, गाडी खाली उभी होती, आणि आईची त्या दिवसाची गोळी अजून घ्यायची राहिली होती. मुलीने आईचा डावा हात कोमट पाण्यात धरला, पुसला आणि यंत्र त्याच हाताच्या बोटाला लावलं. पडदा मुलाकडे वळवला. "तू इकडे बघ. आई, तू मोज. मोठ्याने नको."

मी टेबलावर होतो. सिस्टरांची उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर टेकली. काटा बारावर आला. त्यांच्या डोळ्यांत तो मला स्पष्ट दिसला.  एक फेरी मी आयुष्यात लाखो वेळा मारली आहे, पण ती फेरी मला चढण वाटली. काटा पुन्हा बारावर आला.

"सत्तावन्न," सिस्टर म्हणाल्या. "आज गोळी नाही. डॉक्टरांना फोन लाव."

मुलगा यंत्राकडे पाहत होता. तिथे सत्तावन्न आणि अठ्ठावन्न आलटून पालटून दिसत होते. "थोडंसंच तर कमी आहे," तो पुटपुटला.

"साठ म्हणजे साठ."

मुलीने जुनी, धूसर काच त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती दिव्यासमोर धरली आणि आरपार पाहू लागला. काही दिसलं नाही. "हे मी केलं?" त्याने विचारलं.

"प्रेमानेच केलंस," सिस्टर म्हणाल्या. "पण मला विचारलं असतंस, तर मी नाही म्हटलं असतं."

त्याने डॉक्टरांना फोन लावून आईच्या हातात दिला, आणि खाली जाऊन गाडी नीट कडेला लावली. त्या रात्री तो तिथेच जेवला, मग एकटाच परत गेला.

मित्रांनो, आम्ही वस्तू एरवी बोलू शकत नाही, आणि म्हातारी माणसं बोलली तरी त्यांचं कुणी ऐकत नाही. म्हणून माझी एक विनंती आहे. घरातल्या कुणाची मोजणी चुकली असं वाटलं, तर त्यांना दोष देण्याआधी त्यांच्या हातातली वस्तू उजेडात धरून पाहा. आणि माझ्यासारख्या कुणाची काच तडकली, तर दोन मिनिटांत होणारा इलाज करू नका. अख्खी दुपार लागेल असं म्हणणाऱ्या माणसाकडे घेऊन जा, आणि त्याच्याजवळ बसा.