मिशीचं अर्धं तिकीट

माझ्या थापांवर विश्वास ठेवू नका. पण एवढी एक गोष्ट खरी आहे. हवं तर सूनबाईला विचारा.

जन्मभर मी लोकांच्या दाढ्या केल्या. हात असा, की गिऱ्हाईक घोरत असलं तरी दाढी करून त्याला न उठवता बाकावर नेऊन ठेवीन. अट एकच : तोंड चालू हवं. तोंड थांबलं की वस्तरा थरथरतो.

सूनबाई प्रयोगशाळेत वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकचा पापुद्रा बनवते. त्याचे रेणू म्हणजे लांबलचक दोरे. नुसते ओतले तर गुंता होतो, वीज अडखळते. पण मिठासारखा एक स्फटिक असतो. तो चिरला की आतल्या कोऱ्या अंगावर अणूंच्या सरळ रांगा मिळतात, आणि दोरे त्या रांगा धरून निजतात. चापून भांग पाडावा तसे.

एकदा असं झालं, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तपासणीला माणसं येणार होती. पापुद्रा जमला नाही तर हिचं काम बंद. स्फटिक उरलेला एकच, आणि हिचं मनगट प्लास्टरमध्ये!

"बाबा, तुमचा हात हवाय. पण तोंड मिटून. श्वासाची वाफ लागली तरी स्फटिक बिघडतो."

"म्हणजे गाडी मागतेस आणि इंजिन काढून घेतेस!"

तिने माझ्या नाकातोंडावर फडकं बांधलं. मी स्फटिकावर पातं टेकवलं. हात लटपटायला लागला. मनातल्या मनात बोलून पाहिलं. हाताला ऐकू जाईना.

तेवढ्यात दारापाशी उभी राहून ती म्हणाली, "एकदा दुकानात सर्कशीतला मिशीवाला आला..."

माझीच थाप! मी ती सांगायला लागलो की ही मान खाली घालून भाजी चिरायची. मला वाटायचं, कान मिटून बसते.

"मिशीचं एक टोक खुर्चीत, दुसरं अजून बसमधून उतरतंय..."

शब्द न् शब्द, माझ्या दम घ्यायच्या जागांसकट. हाताची थरथर थांबली.

"...आणि कंडक्टर म्हणतोय, मिशीचं अर्धं तिकीट काढा!"

हे माझ्या थापेत नव्हतं. मी पातं दाबलं. टक्! स्फटिक दुभंगला, आतलं अंग आरशासारखं गुळगुळीत. मी दाराबाहेर पळालो आणि मगच हसलो.

तिने डाव्या हाताने त्या अंगावर प्लॅस्टिकचं द्रावण सोडलं. पापुद्रा वाळल्यावर सगळंच पाण्यात ठेवलं. स्फटिक गुपचूप विरघळून गेला, पापुद्रा सायीसारखा वर आला. तो काचेवर उचलून मीटर लावला. रांगांच्या दिशेने उभी वीज मोजली तर काटा धावला. आडवी, तर जेमतेम हलला. दोरे रांगेत निजले होते.

"बाबा, तुमच्यामुळे!" ती म्हणाली.

"छे गं, कंडक्टरमुळे."

कितीतरी माणसं माझ्या थापा ऐकून, केस झटकून निघून गेली. हिने त्या जपल्या, वर भर घातली. एवढं मिळालेल्या म्हाताऱ्याने आणखी काय मागावं? आता मिशीवाला सांगताना मी तिकिटापाशी थांबतो. तिथून पुढे ती सांगते. तिच्या म्हणण्याप्रमाणे मिशी अजून उतरतेच आहे.