बाईंचा भुंगा बोलतोय

मी भुंगा बोलतोय. हे नाव काही मला कारखान्यात मिळालेलं नाही. तिथे माझ्या पाठीवर नुसता एक लांबलचक नंबर छापला होता. भुंगा म्हणाल्या त्या बाई, पहिल्याच दिवशी, आणि खरं सांगायचं तर मला रागच आला होता.

दिसायला मी टॉर्चसारखा. मुठीत मावतो. एका टोकाला चकती आहे. बटण दाबलं की ती थरथरते आणि भुणभुण सुरू होते. ज्यांच्या गळ्यातलं स्वरयंत्र ऑपरेशन करून काढावं लागतं, ती माणसं मला जबड्याखाली टेकवतात. माझी भुणभुण त्यांच्या तोंडात शिरते आणि ती ओठ आणि जीभ हलवून तिचे शब्द करतात. बघणाऱ्याला वाटतं, यंत्र बोलतंय. अहो, मला नुसता 'क' काढता येत नाही! आवाज तेवढा माझा, बोलणं त्यांचं. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी माझं पटत नाही.

माझ्या बाई गाडी चालवायला शिकवतात. शाळा म्हणजे एकच गाडी, पण त्या गाडीला दोन ब्रेक: एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक बाईंच्या. ऑपरेशनच्या आधी बाई रागावल्या की पलीकडच्या रस्त्यावरची वाहनंसुद्धा हळू व्हायची, असं लोक सांगतात. मी तो आवाज ऐकलेला नाही. मी घरात आलो तेव्हा तो आवाज गेलेला होता.

दवाखान्यातून घरी आल्यावर लेकीने मला बाईंच्या हातात दिलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आई, काहीतरी बोल ना." बाईंनी मला गळ्याला लावलं, दोन-तीनदा जागा बदलली, आणि माझ्यातून त्यांचं पहिलं वाक्य आलं, "चहात साखर जास्त झालीये." मग माझ्याकडे बघून, "मेला भुंगाच आहे हा."

माझा सूर एकच. त्यात चढ नाही, उतार नाही. पण बाई हुशार. रागावायचं असलं की त्या माझं बटण तुकड्या-तुकड्यांनी दाबायच्या. "ब्रेक. ब्रेक. ब्रेक म्हटलं ना!" नवीन शिकणारे पहिल्या दिवशी गालात हसत. तिसऱ्या दिवशी त्यांना घाम फुटे. मी मनात म्हणायचो, हसा आता.

एका गोष्टीत बाई फार कडक होत्या. आपल्या वतीने कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. दुकानात लेक म्हणाली, "आईला जरा गडद रंग हवाय," की बाईंचा हात वर. मग माझं बटण. "आईला काय हवंय ते आई सांगेल. मी मुकी नाही." दुकानदार ओशाळायचा. लेक तर रोजच ओशाळायची. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून घरी आलं की आईसमोर मात्र तिची बोबडी वळायची.

असं आमचं बरं चाललं होतं. मग मी तापायला लागलो.

आधी नुसता कोमट. बाईंना वाटलं, उन्हाळा आहे. मग त्यांच्या जबड्याखाली, जिथे मी टेकायचो तिथे, लाल वण उठला. बाई बोलणं झालं की मला गाडीतल्या थंड हवेच्या झडपेसमोर धरायच्या, गार झालो की पुन्हा गळ्याला. आणि मग कंपनीचा निरोप आला. आमची सगळी तुकडी परत मागवली होती. आतली बॅटरी तापून फुगू शकते, पेटूही शकते. यंत्राचा वापर ताबडतोब थांबवा, बदली यंत्रासाठी या क्रमांकावर फोन करा.

बाईंनी निरोप वाचला, फोन पालथा ठेवला आणि मला हातात घेतलं. "आधी फोन करू. मग थांबवू."

फोनवर आधी एक गोड आवाज आला, छापील. "मराठीसाठी 'हो' म्हणा."

"हो," बाई म्हणाल्या.

"माफ करा, आपलं उत्तर समजलं नाही. कृपया स्पष्ट बोला."

"हो. हो. हो!"

"माफ करा."

गळा नसलेल्यांसाठी यंत्रं बनवायची आणि तक्रार तोंडी करा म्हणायचं, ही अक्कल कोणाची, मला आजवर कळलेलं नाही. पुढे कळलं की ते फोन कंपनी स्वतः घेतच नव्हती. एका केंद्राला तो ठेका दिला होता. तिथली मंडळी पंख्यांच्या, मिक्सरच्या तक्रारीही घ्यायची. त्यांना माझ्यासारखा आवाज कुठून माहीत असणार?

मोठ्या मिनतवारीने एकदा माणूस लागला. बाईंनी बटण दाबलं, "नमस्कार. मी आपल्या यंत्राची ग्राहक..."

"हॅलो? अरे, हा कसलातरी मशीनचा कॉल आहे," तो शेजारच्याला म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या वेळी पलीकडची एक मुलगी म्हणाली, "जाहिरात नको आम्हाला." ठेवला. तिसऱ्या वेळी तर बाईंचं पहिलं अक्षर पुरं व्हायच्या आत ठेवला. लेकीने ईमेल पाठवला. क्षणात उत्तर आलं, अधिक मदतीसाठी कृपया फोन करा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

मग लेकीने स्वतः फोन लावला. "मी त्यांची मुलगी बोलतेय."

"मॅडम, सुरक्षेचा नियम आहे. ग्राहकांशीच बोलावं लागेल. त्यांना फोन द्या."

"त्या यंत्रातून बोलतात, आवाज जरा..."

"हो हो, द्या ना."

बाईंनी फोन घेतला, मला टेकवलं. "नमस्कार," एवढंच झालं. तोवर पलीकडच्याने फोन दुसऱ्या कोणाकडे सोपवला होता, आणि त्या दुसऱ्याने ठेवला.

बाईंची चीड मला जाणवायची ती बोटांतून. पकड घट्ट व्हायची. मी आणखी तापायचो. पण शिकवणी बंद ठेवायला त्या तयार नव्हत्या. लेक विनवायची, "आई, पेटलं तर? गळ्याशी असतं गं ते!" बाई म्हणायच्या, "आणि याला बाजूला ठेवलं तर? घरात बसून टाळ्या वाजवू?"

एक शिंपीकाका शिकायला यायचे. वयाने बाईंएवढेच, हात कसबी, पण स्टिअरिंग हातात आलं की थरथरायचे. त्या दिवशी उतारावरून चौकात उतरताना समोरून एक हातगाडीवाला पाण्याचे मोठे कॅन घेऊन आडवा आला. बाई म्हणाल्या, "थां..."

आणि मी बंद पडलो.

फार तापलं की मी आपोआप बंद होतो. माझी तशी रचनाच आहे. बाईंचे ओठ हलत होते, 'थांब, थांब', पण त्यांतून काहीच येत नव्हतं. आणि शिंपीकाकांनी काय करावं? रस्त्याकडे बघायचं सोडून ते बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले, आता आवाज येईल, मग येईल म्हणून. बाईंनी आपल्या पायाखालचा ब्रेक करकचून दाबला. गाडी हातगाडीपासून हातभर अंतरावर थांबली. एक कॅन खाली घरंगळला.

हातगाडीवाला खवळला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. खिडकीशी येऊन ओरडला, "दिसत नाही का? अहो बाई, बोला की! तोंड नाही का?"

बाईंनी तोंड उघडलं. मला गळ्यावर दाबलं, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मी मढ्यासारखा निपचित त्यांच्या हातात. शेवटी त्यांनी दोन्ही हात जोडले. ज्या बाईंनी दुकानात दुसऱ्याला आपल्या वतीने रंगसुद्धा सांगू दिला नाही, त्या भर रस्त्यात मुकाट हात जोडून बसल्या होत्या. माझी मलाच लाज वाटली.

त्या दिवसापासून शिकवणी बंद.

सुट्टीच्या दिवशी सकाळी लेक त्यांच्यासमोर येऊन बसली. "आई, मी तू होऊन बोलते. तुझं नाव सांगते, तुझी जन्मतारीख सांगते. आपला आवाज सारखाच होता, सगळे म्हणायचे. त्यांना काय कळणार?"

मी गार होतो, नुकताच चार्ज झालेला. बाईंनी मला हळूच टेकवलं.

"म्हणजे मी नाहीच."

"तसं नाही गं आई."

"तसंच आहे." मग त्यांनी फोन लेकीकडे सरकवला. "कर."

लेकीने फोन लावला, आवाज मोठा केला, मधे टेबलावर ठेवला. छापील बाईंना तिचं 'हो' पहिल्याच झटक्यात कळलं. मग माणूस आला, तरुण, नम्र. "आपण स्वतः ग्राहक बोलताय का?"

"हो, मीच बोलतेय," लेक म्हणाली. खणखणीत.

मी बाईंच्या मुठीत होतो. ती मूठ एकदम सैल पडली. असा होता तर बाईंचा आवाज! इतकी वर्षं मी त्यांच्या गळ्याशी होतो, आणि तो मला असा, टेबलापलीकडून, दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळाला. बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"धन्यवाद. ओळखीसाठी आपला आवाज नोंदवून घेतला आहे," तो म्हणाला. "आता आपण जुनं यंत्र पाठवा. ते पोचलं, तपासलं, की नवीन निघेल. साधारण महिनाभर धरा."

"महिना? आणि तोवर?"

"तोवर जुनं वापरू नका, धोकादायक आहे."

"अहो, मग मी बोलू कशी?"

मग तो अगदी सरळ मनाने म्हणाला, "मॅडम, आपण तर छान बोलताय."

लेकीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. हात दाखवून अवलक्षण! ती माझ्याकडे बघते, आईकडे बघते. "नाही, म्हणजे, तसं नाही..." पलीकडून तो म्हणाला, "ठीक आहे, मग मी नोंद पूर्ण करतो. आणखी काही मदत?" आता तो फोन ठेवणार होता.

बाई उठल्या. फोनवर वाकल्या. मला जबड्याखाली, बरोबर त्या वणावर, दाबलं.

"थांब."

"हॅलो? मधे कसलातरी आवाज येतोय."

"तो माझा आवाज आहे. फोन ठेवू नकोस. ग्राहक मी आहे. बोलत होती ती माझी मुलगी."

मी भराभर तापत होतो. आतलं काहीतरी फुगून कवचाला टेकलं होतं. चकती चटके देत असणार, कारण बाईंच्या मानेची शीर ताठली होती. लेक ओरडली, "आई, भाजेल, काढ ते!" बाईंनी दुसऱ्या हाताने तिला मागे सारलं. मी बंद पडायला हवं होतं, केव्हाच. कसा टिकलो, मला ठाऊक नाही. त्यांनी बटण एकदाही सोडलं नाही, म्हणून मीही सोडलं नाही, एवढंच.

"मी गाडी शिकवते," बाई म्हणाल्या. "उतारावर उभ्या गाडीचा ब्रेक काढून नेतोस, आणि म्हणतोस, नवा महिन्याने लावू. तोवर गाडी कोणी धरायची?"

शेवटचं अक्षर निघालं आणि माझी भुणभुण संपली. प्लास्टिक जळल्याचा वास आला. बाईंनी मला टेबलावर टाकलं. गळ्यावर हात ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"हॅलो?" तो म्हणाला. "मॅडम? तो आवाज... तो खरंच आपलाच का?"

बाईंचे ओठ हलले. अर्थात काही आलं नाही. त्यांनी लेकीकडे पाहिलं. एरवी लेकीच्या तोंडापुढे वर येणारा तो हात आता खाली होता.

"हो," लेक म्हणाली. तिचा आवाज आता खणखणीत नव्हता. "तो आईचा आवाज आहे. मी खोटं बोलले. हवं तर तक्रार रद्द करा, पण त्या ज्यातून बोलल्या ते यंत्र आत्ता जळलंय, त्यांच्या गळ्यावर."

त्याने ठेवला असंच मला वाटलं. मग हळूच म्हणाला, "फोन ठेवू नका. मी वरच्यांशी बोलतो." आणि वाजायला लागलं ते त्यांचं टिंगटिंग संगीत. लेकीने थंड पाण्याची पट्टी आणली. बाईंनी ती गळ्याला लावून घेतली, पण नजर फोनवरून हलवली नाही. ते संगीत वाजतच राहिलं, वाजतच राहिलं.

"मॅडम," तो परत आला तेव्हा धापा टाकत होता. "नवीन यंत्र घेऊन माणूस आपल्या दारात येईल. जुनं तेव्हाच त्याच्या हाती द्या. आणि मुलीचा आवाज नोंदीतून काढलाय. आपलाच ठेवलाय."

म्हणजे कंपनीच्या दफ्तरात बाईंचा आवाज म्हणून आज जे जपून ठेवलंय, ती माझी भुणभुण आहे. गर्व करू नये म्हणतात. मी करतो.

आज तो माणूस आला. नवीन यंत्र दिलं. बाईंनी ते लावलं, जागा शोधली. सूर माझ्याहून जरा बारीक आहे, पण ठणठणीत आहे. मग यंत्र मिळाल्याची खात्री फोनवर तोंडी द्यायची होती. बाई म्हणाल्या, "मिळालं." छापील आवाज म्हणाला, "माफ करा, आपला आवाज नोंदीशी जुळत नाही."

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. आणि बाई हसल्या. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आवाज अजिबात नाही. हसायला त्यांना कोणाचीच गरज लागत नाही. माणूस बिचारा अवघडून म्हणाला, "राहू द्या बाई, इथे सही करा. तेही चालतं." हे आधी सांगितलं असतंत तर!

मी आता वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात आहे. फुगलोय, चकती काळी पडलीय. मला कुठे नेणार, उघडून बघणार की नुसतं मोडणार, माहीत नाही. तक्रार नाही. आत बाई शिंपीकाकांना फोन करून शिकवणीची वेळ सांगतायत, स्वतः.

झाकण लागायच्या आत एकच मागणं. तुमच्या फोनवर कधी एखादा एकसुरी, भुणभुणता आवाज आला, तर घाईने ठेवू नका. "कोण बोलतंय?" एवढं विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.