मखमलीवरचे पराग

पाइनच्या फांद्या खोचलेली बादली बायकोने कामाच्या टेबलावर ठेवली, तेव्हाच शिंपी कुरकुरला होता. पण ती रोपवाटिकेत झाडं सांभाळणारी. झाडांच्या बाबतीत तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. वादळात आडव्या झालेल्या झाडाच्या या फांद्या. आसपासची सगळी पाइनं रोगाने वाळली, तरी हे एकटं ठणठणीत राहिलं होतं.

"हे पिवळे झुबके म्हणजे नर शंकू," तिने बजावलं. "फुटले की पराग खालच्या कागदावर पडतील. आमच्या रोपवाटिकेतल्या पाइनचे मादी शंकू आत्ता खवले उघडून बसलेत, पण दोन-चार दिवसांत मिटतील. तोवर पराग पोचले नाहीत, तर या झाडाचा वंश बुडाला. पंखा लावू नका, खिडकी उघडू नका."

दुपारी इस्त्रीच्या वाफेने जीव गुदमरला आणि सवयीने त्याचा हात खिडकीकडे गेला. वारा आला, कागद उडाला, खोलीभर पिवळा धुरळा झाला. पाइनच्या परागाच्या एवढ्याशा कणाला हवेने भरलेल्या दोन पिशव्या असतात. वाऱ्यावर स्वार व्हायलाच जन्मलेली जात ती! त्याने घाईने खिडकी लावली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बायको घरी आली. "अहो, हे काय करून ठेवलंत?"

"चुकलो गं."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिचे डोळे भरून आले, आणि त्याला कुठे तोंड लपवू असं झालं. नजर चुकवताना त्याला पुतळ्यावरचा काळा कोट दिसला. पार पिवळा झाला होता!

"अगं, मखमल! कसलीही धूळ बसू दे, सहजी सोडत नाही. आम्ही रडतो तिच्या नावाने."

तिने मऊ ब्रश आणला, त्याने कागद धरला. श्वास रोखून दोघं झटकत राहिली. हळूहळू छोट्या बाटलीचा तळ झाकला गेला.

"पुरेल?"

"पुरेल. बाही राहिलीय अजून."

तेवढ्यात दारावर थाप. कोटाचं गिऱ्हाईक! आजचाच वायदा होता. वेळ न पाळणाऱ्या शिंप्यांना आयुष्यभर नावं ठेवणाऱ्या आपल्या शिंप्याने दार बोटभर उघडलं.

"उद्या या."

"अहो, तुम्हीसुद्धा?"

"मीही शिंपीच आहे," असं म्हणून त्याने दार अलगद लावलं, वारा येऊ नये म्हणून.

बायको ओठ घट्ट दाबून बाहीवर वाकली होती. खांदे मात्र गदगदत होते.

"हसवू नका हो," ती कशीबशी म्हणाली, "उडेल सगळं."