जेठाचं ताट

दुपारी साडेबाराला वाल्मिक दारात आला की उज्ज्वला पदर नाकापर्यंत ओढी, ताट पुढे सरकवी आणि भिंतीकडे तोंड करून बसे. जेठाला, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, ही धुळ्याकडची रीत सुरतेच्या एका खोलीच्या संसारातही तिने सात वर्षं निमूट पाळली होती.

वाल्मिक घरातला थोरला. सोळाव्या वर्षी तो पलसाण्याला कापड रंगवायच्या कारखान्यात लागला. दोन बहिणी उजवल्या, धाकट्या योगराजचं लग्न लावलं, आणि या धामधुमीत त्याचं स्वतःचं राहूनच गेलं. पुढल्या साली बघू म्हणता म्हणता चाळिशी उलटली आणि मग कोणी विषयही काढीना. बिनलग्नाच्या जेठाने भावजयीच्या खोलीत झोपणं बरं दिसत नाही, म्हणून तो आठ कामगारांबरोबर भाड्याने राही. तिथे पाळीवरून एक आला की दुसरा उठून जाई. कोण कोणाच्या तोंडाकडे बघणार? भावाकडे तो यायचा तो फक्त जेवणापुरता.

जेठाचं तोंड बघायला बंदी होती; त्याचं ताट बघायला नव्हती. दसऱ्यानंतर त्या ताटात ठेचा तसाच राहू लागला. मग कांदा. दिवाळीत तो भाकरी दुधात कुस्करू लागला. आणि एके दिवशी तो चूळ भरून गेल्यावर मोरीत उज्ज्वलाला लाल ओघळ दिसला.

तिने नवऱ्याच्या कानावर घातलं. योगराज काही दुष्ट नव्हता, पण बेफिकीर होता. "तंबाखूनं तोंड उनं व्हई. व्हई जाई बरं," तोंड आलंय, होईल बरं, एवढंच म्हणून त्याने कूस बदलली. तिने पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगितलं. गावाहून आलेल्या सासूने, मालतीबाईंनी, उलट तिलाच झापलं. जेठाच्या ताटात डोकावणारी सून त्यांनी कधी पाहिली नव्हती म्हणे! उज्ज्वला गप्प बसली. आपण एका माणसाला रोज थोडं थोडं मरताना बघतो आहोत, हे तिला कळत होतं आणि तरी ती गप्प बसली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी वाल्मिकने दुधाची वाटीही तशीच परत सरकवली. उज्ज्वला उठली. सासू समोर असताना तिने पदर मागे टाकला.

"आबा, तोंड उघाडा. माले दखू द्या."

वाल्मिक इतका बावरला की त्याने लहान पोरासारखं तोंड उघडलं. जिभेच्या कडेला चांगली सुपारीएवढी जखम होती, पांढरी, चिरलेली.

दुसऱ्या दिवशी ती वाल्मिकला आणि योगराजलाही जवळजवळ ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. तपासण्या झाल्या, आठवड्याने निदान आलं. कॅन्सर गळ्यापर्यंत उतरला होता. जीभ काढावी लागेल, तरीही वाचेलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. एकटे राहणारे पुरुष नेहमी असेच उशिरा येतात, घरात टोकणारं कोणी नसतं, असंही ते म्हणाले. मग विचारलं, हे कधीपासून आहे?

"दसऱ्यापासून," उज्ज्वला म्हणाली. "मला माहीत होतं. आमच्यात जेठाशी बोलत नाहीत."

डॉक्टरांनी कागदावरून मान वर करून तिच्याकडे बघितलं. त्या नजरेची तिला मरणाची लाज वाटली.

शस्त्रक्रियेच्या सकाळी वाल्मिक जन्मात पहिल्यांदा तिच्याशी बोलला. शब्द चिकटत होते.

"तुना हातनी भाकर बहू गोड लागे."

त्यानंतर तो कोणाशीच बोलला नाही. बोलायला जीभच उरली नव्हती. योगराजने त्याला आपल्या खोलीत आणलं, तेव्हा मालतीबाई दारातूनच सुनेला म्हणाल्या, "डोकावर पदर ले, माय. जेठ शे तो."

"आते नही लेसू," उज्ज्वला म्हणाली. ती वाल्मिकसमोर बसली, त्याच्या डोळ्यांत बघत नळीतून पेज सोडू लागली, आणि शेजारपाजारच्या बायका दारात जमून बघत राहिल्या. त्यांतल्या कितीजणींच्या घरी असा एखादा जेठ जेवायला येत होता, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.