दहा मिनिटांत चौदा वेळा

पिंपरी पेंढारच्या अंगणवाडीत तेजस्विनीने प्राचीला पहिल्यांदा तपासलं तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. ऐकू नीट येत होतं, पण एकही शब्द बोलत नव्हती. काही हवं असलं की ती समोरच्याचं बोट धरून ओढायची, वस्तूकडे बघायची, मग त्या माणसाच्या तोंडाकडे. दहा मिनिटांत चौदा वेळा. वाचा-उपचारात तेजस्विनीला बारा वर्षं झाली होती. एवढं मागणारं मूल बहुतेक बोलू लागतं, असं तिने प्राचीच्या आईला, आरतीला सांगितलं.

घरी काय करायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं : 'पाणी मागितलं की लगेच देऊ नका. थांबा. "पाणी" म्हणून दाखवा.' पाच अंक मोजा आणि बोलली नाही तरी द्या, हे तोंडी सांगितलं. बाहेर अजून अकरा मुलं बसली होती.

महिन्याने तेजस्विनी प्राचीच्या घरी गेली. ओट्यावर आरतीचे सासरे, प्राचीचे आजोबा भिमाजी होते, सोबत शेजारचे गेणभाऊ.

"या म्याडम. तुमची चिठ्ठी माठाच्या वरच चिकटवलीय. एक दिवस चुकवला न्हाई."

"किती वेळ थांबता?"

"म्हणंस्तवर."

"आणि नाहीच म्हणाली तर?"

"तर न्हाई द्यायचं. आमी नेमाचं पक्कं."

गेणभाऊ हसले. "परवा अख्खी दुपार उभी व्हती माठापाशी. मी म्हणलं, भिमाजीराव, नात तुमच्यावरच गेलीय, वाकायची न्हाई."

"वाकली की! आता मागतच न्हाई."

तेजस्विनी दारात उभ्या आरतीकडे वळली. "मी पाच अंक म्हटलं होतं."

आरतीने आवाज खाली आणला. "सांगितलं मी. मामा म्हणले, कागदावर कुठं लिहिलंय?"

"मग पाणी?"

"गुरांच्या हौदातलं पिती. दोनदा जुलाब झालं. मी लपून द्याया गेले, तर गिलास धरत न्हाई."

तेजस्विनीने साबणाच्या फुग्यांची बाटली काढली, चार फुगे सोडले, झाकण घट्ट लावलं आणि बाटली ओट्याच्या कडेला बसलेल्या प्राचीसमोर ठेवली. प्राचीने ती उचलली, झाकण फिरवून पाहिलं, मग दातांनी. निघालं नाही. तिने बाटली खाली ठेवली आणि भिंतीशी जाऊन बसली. एकदाही कोणाकडे बघितलं नाही.

मग तेजस्विनीने चित्रांचं पुस्तक पुढे सरकवलं. प्राची पानं उलटू लागली. गाईच्या चित्राजवळ तेजस्विनीने बोट ठेवलं आणि हळू म्हणाली, "गाय."

प्राचीचे हात तिथेच थांबले. तिने ते मांडीत ओढून घेतले, ओठ घट्ट मिटले आणि हे संपायची वाट बघत राहिली.

दहा मिनिटं झाल्यावर तेजस्विनीने नोंदवहीत मागच्या चौदाच्या खाली शून्य लिहिलं.

"बघितलं ना?" भिमाजी म्हणाले. "हट्ट पार गेला. आता बोलायचं तेवढं ऱ्हायलंय."