चार इंचाची डिस्क

तळहातावरचे चार स्क्रू मुंगीएवढे, सुताराच्या बोटांत ठरत नव्हते. सकाळी कॉम्प्युटर टक्-टक् करून बंद पडला तेव्हाच त्याला कळलं होतं, डिस्क चालली... आणि डिस्क गेली की बायको दुसऱ्यांदा जाणार. पहिल्यांदा गेली त्याला अकरा महिने झाले. तिने काढलेले सगळे फोटो याच डब्यात होते. त्याने डिस्क बाहेर काढली, सवयीने टेप लावला, प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलने लिहिलं – रुंदी चार इंच – आणि दुकानात जाऊन चार इंचाची डिस्क मागितली.

कॉम्प्युटरवाली बाई हसली. असते चारची, पण म्हणायचं साडेतीन इंची. आमच्या धंद्यात अर्धा इंच चुकला तर गिऱ्हाईक घरात घेत नाही, तो म्हणाला. मग तुमचं एकोणीस एमएमचं प्लाय मोजलं तर किती भरतं, काका, तिने विचारलं. अठरा, हे त्याने मान खाली घालून कबूल केलं. बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याला बरोबर पकडलं होतं – हे काम बायकोचं.

जुनी डिस्क आज वाचता येतेय, उद्याचं सांगता येत नाही, असं म्हणत बाईने ती आपल्या मशीनला जोडली. मुलीने फोनवर बजावलं होतं, बाबा, एसएसडीच घ्या. तिच्यात फिरणारं काही नसतं, बसायच्या आत कॉम्प्युटर सुरू. पण त्याच पैशात ती कमी जागेची येते, म्हणजे निम्मे फोटो काढून टाकावे लागणार. बाईने यादी उघडली. ‘दारं कधी १’, ‘दारं कधी २’... सतरापर्यंत.

“एकच कपाट सतरा वेळा? एक ठेवू, बाकीचे काढते.”

माझ्याच स्वयंपाकघरातलं कपाट, त्याच्या मनात आलं. गावभर दारं लावत फिरलो, घरच्याला ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत राहिलो, आणि बायको दर वर्षी फोटो काढायची, पुरावा म्हणून – अहो, हात काढा मधला! – प्रत्येकात बरण्या वेगळ्या, कोपऱ्यात तिचा अंगठा मात्र तोच...

“एकही नाही काढायचा,” तो म्हणाला. “मोठी द्या. फिरणारी.”

“हळू चालते, काका. शिवाय आवाज करते.”

“करू दे. घरात शांतता भरपूर आहे.”

फोटो उतरवून घ्यायला दुपार गेली. स्टुलावर बसून त्याने दुकानाच्या फळ्या बघितल्या, दोन वाकड्या निघाल्या, तेही सांगून टाकलं.

संध्याकाळी नवी डिस्क घरघरत होती – आतल्या खोलीत कुणी मशीनवर शिवत बसावं तसं. त्याने शीळ घालत कपाटाला टेप लावला. वरची रुंदी एक, खालची दुसरी. आपल्याच हातचं काम, आणि तो एकटाच मोठ्याने हसला. माप प्लायच्या त्याच तुकड्यावर लिहिलं, चार इंचांच्या खाली. मग पेन्सिल कानावर तशीच राहिली... दारं लागली की ‘दारं कधी’ संपलं; आणि नाही लावली, तर अठरावा फोटो आता मलाच काढावा लागेल, अंगठ्यासकट.

तुकडा त्याने कपाटातच, बरण्यांपुढे उभा केला.

दारं करायची राहिली आहेत.